तंबोऱ्याचा भोपळा आपला, घर मात्र लखनौला

मंडळी, पोस्ट लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात रात्री पुतणीला गाण्याच्या क्लासवरून आणत होतो. इंद्रभुवनजवळ सिग्नलला थांबलो. ती दहावीत आहे, पाच वर्षं गातेय. इमारतीकडं बघत म्हणाली, "काका, एवढ्या उंच छताच्या खोल्या हायत म्हणे आत. मग इथं गाणं का शिकवत नाहीत ओ?"

मी म्हणालो, अगं ती महापालिका आहे, तिथं टॅक्स भरतात. ती हसली, मीही हसलो. सिग्नल सुटला. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण तिचा क्लास चालतो एका घराच्या पुढच्या खोलीत. बाई जीव तोडून शिकवतात, त्यांच्याबद्दल एक शब्द वावगा नाही. पण शेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू झाली की पोरींचा षड्ज गिरणीच्या सुरात जातो. हा विनोद नाही, खरंच जातो. कान ज्या आवाजात बसतो, तो सूर धरतो.

इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलं, हे सोलापुरात पोराटोरांना माहीत आहे. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळातलं ते घर. पुढं ते महापालिकेकडं आलं, कचेरी झाली. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत आपलं नाव आलं आणि त्या योजनेतून या वास्तूच्या जतनाचं काम झालं. चांगलं झालं. म्हणजे जुनी इमारत नीट करता येते, पैसा उभा राहतो, कारागीर मिळतात, हे आपल्या गावानं एकदा पाहिलंय. आता "होत नाही हो आपल्याकडं" हे वाक्य बाजूला ठेवू.

प्रश्न पुढचा आहे. नीट केल्यावर आत काय?

यावर मला लखनौची गोष्ट सांगायचीय. तुम्ही म्हणाल, सोलापूरचं सोडून लखनौ कुठं काढलं. थोडा दम धरा, ती गोष्ट अर्धी मराठीच आहे.

नवाब वाजिद अली शाहानं 1848 ते 1850 च्या दरम्यान कैसरबाग बांधून घेतली. एक इमारत नव्हे, वाडे, बागा, दरवाजे मिळून एक छोटं गावच. त्यातल्या एका भागाला परीखाना म्हणत. तिथं मुलींना गाणं, नाच शिकवायचे. सिनेमात हे सगळं गुलाबी दिसतं. मला तसं वाटत नाही. त्या मुलींना विचारून कुणी आणलं होतं का? एका माणसाच्या करमणुकीसाठी ती शाळा होती. पण शाळा होती, उस्ताद होते, रोजचा रियाज होता, हेही खरं.

1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं, नवाबाला कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला जावं लागलं. मार्च 1858 मध्ये इंग्रज फौज कैसरबागेत घुसली आणि तिनं लूट केली. झुंबरं, आरसे, शाली, जे हाताला लागलं ते. नंतर बागेचा बराच भाग तालुकदारांना वाटला गेला. गाणं तिथून उठलं.

आता आपला माणूस येतो. विष्णू नारायण भातखंडे. 1860 चा जन्म, मुंबईत वाळकेश्वरला. शिकून वकील झाले. पण मन गाण्यात. देशभर फिरून उस्तादांकडून, पंडितांकडून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत उतरवल्या, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा चार भागांचा ग्रंथ लिहिला तो मराठीत. आज उत्तरेतली पोरं ज्या दहा थाटांची घोकंपट्टी करतात, ती मांडणी मलबार हिलच्या पायथ्याच्या या वकिलाची.

त्यांचं एक म्हणणं ठाम होतं. गाणं एखाद्या घराण्याच्या, एखाद्या दरबाराच्या मर्जीवर राहता कामा नये. त्याला शाळा पाहिजे, पुस्तक पाहिजे, परीक्षा पाहिजे. 1916 साली बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागं भातखंडेच होते. बडोद्यात तर 1886 पासून सरकारी गायनशाळा सुरू होती, मौलाबक्षांच्या हाताखाली. कवळाण्याच्या शेतकऱ्याचा पोरगा गादीवर बसला आणि त्यानं गाण्याची शाळा सरकारी खर्चानं चालवली. ती शाळा पुढं महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली, आजही सूरसागर तलावासमोर तिचा वारसा चालू आहे.

लखनौला 1926 साली भातखंड्यांनी राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांच्या मदतीनं कॉलेज काढलं. गव्हर्नरच्या नावावरून नाव ठेवलं मॅरिस कॉलेज. नावाचं वाईट वाटून घेऊ नका, त्या काळात गव्हर्नरचं नाव दिलं की फायली हलायच्या. आजही तसंच आहे, फक्त नावं बदलली. सुरुवातीला कॉलेज दुसऱ्या कोठीत होतं. पुढं त्याला कैसरबागेत घर मिळालं, ज्याला लोक परीखाना म्हणतात तेच. ज्या ठिकाणाहून गाणं उठवलं गेलं होतं, तिथं ते सत्तरएक वर्षांनी परत बसलं. या वेळी फी भरून, हजेरी लावून.

1928 पासून या कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचे, भातखंड्यांचे शिष्य. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन फैयाज खाँसाहेबांकडं शिकलेले. त्यांच्याकडं कोण कोण गेलं बघा. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलचे के. जी. गिंडे शाळकरी वयात लखनौला गेले आणि गुरूच्या घरीच वाढले. सुमती मुटाटकर तिथं शिकल्या, पुढं दिल्ली विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. व्हायोलिनचे व्ही. जी. जोग तिथं शिकवायला होते. सिनेमावाल्यांसाठी सांगतो, गायक तलत महमूद आणि संगीतकार रोशन, दोघंही मॅरिस कॉलेजचे विद्यार्थी.

सुमतीबाईंचं नाव मी मुद्दाम घेतलं. त्याच आवारात कधीकाळी मुली एका नवाबासाठी गायच्या. आता मुली स्वतःसाठी शिकायला आल्या, परीक्षा दिली, पुढं विद्यापीठात खुर्चीवर बसल्या. इमारत कशासाठी वापरली जाते यानं एवढा फरक पडतो. अर्थात या व्यवहारात कोठ्यांवर गाणाऱ्या बायका मात्र बाहेर राहिल्या, ज्यांनी ठुमरी-दादरा जिवंत ठेवला होता त्या. हा हिशेब भातखंड्यांच्या भक्तांनी फारसा मांडला नाही. मी भक्तच आहे, तरी सांगतो.

1966 मध्ये सरकारनं कॉलेज ताब्यात घेतलं आणि त्याला भातखंड्यांचं नाव दिलं. 2000 साली अभिमत विद्यापीठ झालं, 2022 मध्ये राज्य विद्यापीठ.

मी काही वर्षांपूर्वी एका लग्नाला लखनौला गेलो होतो. वेळ काढून कैसरबागेत जाऊन आलो. सकाळची वेळ. एका खिडकीतून तंबोरा, दुसरीतून तबल्याचा कायदा, तिसरीतून कथकचे घुंगरू. भिंतीला ठिकठिकाणी पोपडे होते, वायरी लोंबत होत्या, एका कोपऱ्यात तुटकी बाकडी रचलेली. म्हणजे अगदी चकचकीत जतन वगैरे काही दिसलं नाही मला. पण इमारत जिवंत होती. आणि त्या जाड भिंतींमुळं कथकचा वर्ग शेजारी असून गाणाऱ्या मुलीचा सूर हलत नव्हता. आपल्या गिरणीशेजारच्या खोलीची आठवण झाली.

रातंजनकर लखनौवरून पुढं गेले ते खैरागढला, आत्ताच्या छत्तीसगडमध्ये. तिथली गोष्ट याहून सरळ आहे. राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांची मुलगी इंदिरा लहानपणी गेली. तिला गाण्याची आवड होती. आईबापांनी राजवाडाच विद्यापीठाला देऊन टाकला. 1956 साली तिथं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं राहिलं, आणि सुरुवातीच्या काळात त्याचे कुलगुरू होते रातंजनकर. राजधानी नाही, मोठं स्टेशन नाही, गाव सोलापूरच्या एखाद्या पेठेएवढं. तरी देशभरातून पोरं तिथं जातात.

तर हे सगळं करणारी माणसं मराठी, किंवा मराठी माणसांनी घडवलेली. मग महाराष्ट्रात?

आहे, पुण्यात आहे. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला 1860 च्या दशकात बांधायला घेतला, 1871 च्या सुमारास पुरा झाला, आणि खर्चावरून तेव्हाही बोंब झाली होती. 22 जून 1897 ला राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच बंगल्यात होती. तिथून परतताना चाफेकर बंधूंनी रँडला गाठलं. 1949 मध्ये ते आवार पुणे विद्यापीठाचं झालं. आणि 1987 साली त्याच विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झालं. रँडच्या वधाला बरोबर नव्वद वर्षं. केंद्राच्या नावातच गुरुकुल आहे, वर्गातल्या शिकवणीबरोबर गुरूकडं बसून शिकायची सोय तिथं केली. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं गाणं, नाटक शिकायला तिकडं गेली याची यादी मी करायला घेतली आणि सोडून दिली. आणि त्यातली परत सोलापूरला किती आली? ती यादी लगेच संपते.

आता आपल्याकडं वळतो.

आपलं विद्यापीठ 2004 चं. एका जिल्ह्यासाठी केलेलं. आवार केगावला, पुणे रस्त्यावर, मोकळ्या माळावर. तिथं काय शिकवलं जातं हा आजचा विषय नाही. विषय जागेचा आहे. केगावचं आवार नवं आहे, त्याला इतिहासातली इमारत नाही आणि असायचं कारणही नाही. पण शहरात आहेत. जुन्या शाळा-कॉलेजांच्या दगडी इमारती, गिरणीमालकांचे वाडे, गिरण्यांची आवारं, जुन्या सरकारी कचेऱ्या. 1877 साली जुनी मिल सुरू झाली, तिच्या भोंग्यावर गावाचं घड्याळ चालायचं असं आमचे आजोबा सांगायचे. भोंगे थांबले, आवारं उरली. यातली एखादी वास्तू विद्यापीठाच्या संगीत शाळेसाठी का घेऊ नये? क्लासची पोरं संध्याकाळी सिटीबसनं येतील अशा जागी. रात्री सात वाजता पोरीला केगावला कोण पाठवणार हो? पाठवतील तिचे आईबाप? माझा भाऊ तरी नाही पाठवणार.

आणि संगीताची शाळा म्हटलं की फक्त ख्याल, असं मी म्हणत नाही. हे गाव राम जोशींचं आहे. कीर्तन आणि लावणी, दोन्ही एका गळ्यातून आलेला शाहीर. इथं एका गल्लीत कन्नड वचनं गातात, पूर्व भागात तेलुगू भजनं, तिकडं उर्दू कव्वाली, आणि जिल्ह्याच्या पोटात पंढरपूर. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांपुढं हलगी वाजते तेव्हा अंगावर काटा येतो, ती हलगी कुठल्या अभ्यासक्रमात आहे? खरं तर चार भाषांचं गाणं एका अंगणात ऐकू येईल अशी शाळा पुण्यालासुद्धा जमणार नाही. आपल्याला जमेल.

अजून एक. मिरजेचे तंबोरे जगात नावाजलेले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. पण त्या तंबोऱ्याचा भोपळा कुठला? पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, भीमेकाठचा. आपल्या जिल्ह्यातला. शेतकरी वेल लावतो, भोपळा वेलावरच वाळू देतो, मग मिरजेचा कारागीर येऊन ठोकून, आवाज ऐकून निवडून नेतो. तोच भोपळा पुढं लखनौच्या परीखान्यात, खैरागढच्या राजवाड्यात घुमतो. आपण पिकवायचं आणि ऐकायला गावोगाव जायचं.

आता मला जे थोडंफार कळतं ते सांगतो, कारण जुन्या इमारतीत गाणं बसवणं हे रंग मारण्याचं काम नाही.

लहानपणी मी तबला शिकायचो एका संस्थेच्या जुन्या इमारतीत. नाव घेत नाही. दगड-चुन्याचं काम, उन्हाळ्यात बाहेर 43 असताना आत गारवा. मग एका सुट्टीत त्यांनी नूतनीकरण केलं. म्हणजे काय, तर भिंतींना आतून सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइल पेंट. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीत ओल धरली. चुन्याची भिंत श्वास घेते, पाणी आत आलं तरी ते हळूहळू उडून जातं. सिमेंटनं ती वाट बंद होते. ओल आतच राहते, पोपडे धरून बाहेर येते. आमच्या तबल्याच्या पुड्या रोज उतरायच्या. गुरुजी अर्धा तास नुसते गट्टे ठोकत बसायचे. तीन वर्षांत खोली बंद झाली, पुढं वर्गही बंद झाला. मी तबला सोडला त्याला माझा आळस जास्त कारण आहे, पण थोडा तो गिलावाही आहे.

म्हणून चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो. घाणीत मळलेला, विटेची भुकटी, गूळ, हिरड्याचं पाणी घातलेला. हे काम करणारे कारागीर राज्यात अजून आहेत. वेळ लागतो, टेंडरच्या मुदतीत बसत नाही, हाच खरा अडथळा.

दुसरं, आवाज. उंच छत आणि कडक गिलावा असलेल्या रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, ती घुमत राहते. एकट्या तंबोऱ्याला ते गोड वाटतं, पण तबल्याचा तिरकिट तिथं चिखल होतो, शिकवणाऱ्याचे शब्द कळत नाहीत. यावर महागडे पॅनेल लागतातच असं नाही. जमिनीवर जाड सतरंज्या, भिंतीवर जाड विणलेलं कापड, खिडक्यांना जड पडदे यांनी बराचसा घुमारा खाली येतो. आणि जाड विणलेलं कापड सोलापूरला कुणी बाहेरून आणून द्यायची गरज आहे का? चादरीचं गाव आहे हे. मोठ्या खोल्या गाण्याला, लहान खोल्या रियाजाला, तबला-पखवाज-हलगी एका टोकाला, मधे वाचनालय आणि ध्वनिमुद्रणांचा संग्रह. मैफल तळमजल्यावर किंवा अंगणात, जुन्या लाकडी तुळयांच्या माडीवर दोनशे माणसं बसवायची नाहीत. सगळी वायरिंग नवीन. मुलींसाठी नीट स्वच्छतागृह, हे तर पहिलं काम. ध्वनिशास्त्र नंतर.

आणि वाद्यांसाठी एक खोली जिथं ऊन थेट येत नाही. भोपळा उन्हानं तडकतो. भीमेकाठच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील पाण्याचं आधी बघा. चार-चार दिवसांनी नळ येतो आणि हा गाण्याची शाळा मागतोय. बरोबर आहे. मीही त्याच नळाला लाईन लावतो. पण पाण्याचे पैसे आणि वास्तूंच्या जतनाचे पैसे वेगळ्या खात्यातून येतात, आणि दुसऱ्या खात्यातले पैसे खर्च होतच राहणार आहेत. दगड धुतला जाणार, दिवे लागणार, कोनशिला बसणार. माझं म्हणणं एवढंच की अंदाजपत्रक करतानाच आत कोण बसणार, शिकवणाऱ्यांचा पगार कुठून येणार, हे लिहा. लखनौला इमारतीच्या आधी कॉलेज होतं, कॉलेजच्या आधी भातखंड्यांची वर्षानुवर्षांची पायपीट होती. आपण उलट्या बाजूनं सुरुवात करतो, आणि मग नीट केलेल्या वास्तूला कुलूप लावून वॉचमन ठेवतो.

पुतणीला ही पोस्ट वाचून दाखवली. तिचा एकच आक्षेप, "काका, गिरणीवाल्या काकांना नाव ठेवू नका, ते आमचं गाणं ऐकायला गिरणी बंद करतात कधीकधी." खरंय. शनिवारी करतात.

ज्यांच्याकडं शहरातल्या जुन्या वास्तूंचे आतले फोटो, नकाशे, घरातली कागदपत्रं असतील, मालकी कुणाकडं आहे याची पक्की माहिती असेल, त्यांनी जरूर कळवा. ऐकीव नको, कागद असेल तर बरं. निदान दहा वास्तूंची यादी करून विद्यापीठाला आणि महापालिकेला निवेदन द्यायचा विचार आहे. सोबत यायला कोण तयार आहे तेही सांगा. येत्या रविवारी सकाळी सातला, ऊन चढायच्या आधी, दोन-तीन वास्तू बाहेरून बघून यायच्या आहेत. टाळी वाजवून बघायला आत सोडलं तर उत्तमच.